कुंपणापर्यंत

कारखान्यातला कोळशाचा बॉयलर बंद झाला आणि उत्सर्जन निम्म्यावर आलं. त्या उत्सर्जनाचं मूल्यमापन तिनंच केलं होतं, म्हणून सत्कारही तिचाच झाला. साहेब माईकवर म्हणाले, "या पोरीनं आमच्या कारखान्याचा धूर बंद केला!" पहिल्या रांगेतल्या आईनं शेजारच्या अनोळखी बाईला कोपरानं ढोसलं, "माझी आहे ती."

कार्यक्रम संपल्यावर आई हटूनच बसली. "दाखव बघू, कुठं होता तो काळतोंड्या?"

बॉयलरच्या खोलीत आता नुसता रिकामा चौथरा होता. भिंतीतून मात्र एक नवी नळी आत आली होती. तोच बॉयलर आता कुंपणापलीकडे, ठेकेदाराच्या आवारात धडधडत होता आणि त्याची वाफ या नळीतून इकडे येत होती. "मोजायचं ते कुंपणापर्यंतच. पलीकडचं ज्याचं त्यानं बघावं," असं मूल्यमापनाच्या वेळी साहेब तिला म्हणाले होते. तिनं मान डोलावली होती.

आईनं नळीजवळ हात नेला आणि चटकन मागे घेतला.

"अगं बाई! बॉयलर गेला ना? मग ही एवढी तापलीय कशानं?"

"उन्हानं गं. पत्र्यावर ऊन येतं ना, त्यानं."

आईनं तिच्याकडे बघितलं. मग हातातली पावसानं भिजलेली छत्री झटकली. थेंब नळीवर पडले आणि चर्रकन विरून गेले.