बिनवजनाची खोली

प्रमोदिनीबाईंनी बटण फिरवलं आणि खोलीतलं वजन ओसरलं. मोराची, कोंबड्याची पिसं टेबलावरून उठून तरंगू लागली. मागोमाग बाईही अलगद उचलल्या गेल्या. तळ्यावर गळ टाकणाऱ्यांसाठी त्या माशांना आमिष म्हणून गळावर पिसांच्या खोट्या माश्या बांधून द्यायच्या. पूर्वी दहा माश्या झाल्या की पाठीत कळ यायची आणि कंबर सरळ करायला गॅलरीत जावं लागायचं. लेकीनं ही खोली करून दिल्यापासून आठ दिवसांत कळ नाही, गॅलरीही नाही.

आज एक निळं पीस तरंगत दाराबाहेर गेलं आणि गॅलरीत पडलं. ते उचलायला बाई बाहेर आल्या. शेजारच्या गॅलरीत केळुसकर उभे होते. कठड्यावर नेहमीसारखे चहाचे दोन कप होते.

"हल्ली पाठ दुखत नाही का हो?"

"अजिबात नाही."

"छान झालं," असं म्हणत त्यांनी दुसऱ्या कपातला गार चहा कुंडीत ओतला.

बाई आत आल्या. त्यांनी बटण उलटं फिरवलं. पिसं हळूहळू खाली बसली. मग खुर्चीत चांगलं पोक काढून त्यांनी गळ हातात घेतला आणि हाक मारली,

"केळुसकर, आधण ठेवा. दहा माश्या झाल्या की आलेच!"