बारा वाजून एक मिनिट

दुकानामागच्या खोलीतल्या संगणकावर तिसऱ्यांदाही जुनंच चित्र उघडलं, तेव्हा लेकीने टेबलावर हात आपटला. शेजारी बशीत काढून ठेवलेले मनगटी घड्याळाचे तीन स्क्रू उडाले.

"अगं, हळू!" घड्याळवाली गुडघ्यांवर बसून स्क्रू शोधायला लागली. "गिऱ्हाइकाच्या घड्याळाने तुझं काय घोडं मारलंय?"

"आई, अकराला माझी परीक्षा आहे. साडेदहा झालेत."

परीक्षा पीएचडीची होती, तोंडी आणि शेवटची. चार परीक्षक चार गावांहून पडद्यावर येणार होते आणि त्यांच्यासमोर लेकीला आपला प्रोग्राम चालवून दाखवायचा होता: नदी गाळ कुठे टाकेल, याचं गणित. सकाळीच तिच्या लॅपटॉपने मान टाकली. दुसरा शोधायला वेळ नव्हता. पण प्रोग्रामचं सगळं बिऱ्हाड, तो ज्या प्रणालीवर चालतो तिच्यासकट, काड्यापेटीएवढ्या एका ड्राइव्हमध्ये होतं. तो ड्राइव्ह लावून दुकानातला म्हातारा संगणक सुरू केला की भागत होतं. त्याला फक्त एवढंच सांगायचं होतं, की बाबा रे, आज तुझ्या पोटातलं उघडू नकोस, बाहेरचं उघड. लेक सांगत होती, तो हो म्हणत होता, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

सेटिंग बदलायची, जतन करायची, भिंतीवरचं बटण बंद करायचं, ड्राइव्ह लावायचा, मग बटण चालू करायचं. मधे बटण बंद करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते या दुकानातच अंगात मुरलेलं. आधी वीज तोडायची, मग हात लावायचा, हे घड्याळवालीने लेकीला बाराखडीच्याही आधी शिकवलं होतं, आणि एवढ्या घाईतही पोर ते विसरली नव्हती.

"मी जतन केलं होतं," लेक म्हणाली. सेटिंगचं पान पुन्हा समोर होतं. "शपथेवर सांगते, केलं होतं. आणि बघ, परत होतं तसंच. आज हे चाललं नाही ना आई, तर सहा वर्षं पाण्यात."

घड्याळवाली उठली आणि डोळ्यावरचं भिंग न काढताच पडद्याकडे वाकली.

"हे घड्याळ चुकलंय."

"घड्याळाचं काय घेऊन बसलीस!"

"मला दुसरं काय बघता येतं?" तिने कोपऱ्यातल्या आकड्यांवर बोट ठेवलं. "बारा वाजून एक मिनिट. मगाशी हेच पान उघडलंस, तेव्हाही बारा वाजून एकच मिनिट झालं होतं. तारीख एक जानेवारी. साल तर तुझ्या जन्माच्या आसपासचं दिसतंय."

लेक त्या आकड्यांकडे वाकली.

"वीज तोडलीस की हे पहिल्यापासून सुरू होतंय. आत सेल असतो का याच्या?"

"असतो." मग लेक एकेक शब्द सावकाश म्हणाली, "घड्याळ आणि सेटिंग, दोन्ही त्याच सेलवर."

ती भिंतीवरच्या बटणाकडे बघत राहिली. सेल मेला होता. ती सेटिंग जतन करत होती आणि पुढच्याच क्षणी, आईने शिकवल्याप्रमाणे, स्वतःच्या हाताने वीज तोडून तीच पुसून टाकत होती.

"चाळीस घड्याळांच्या दुकानात वाढलीस," घड्याळवाली म्हणाली, "आणि बंद पडलेलं एक दिसलं नाही. शाब्बास!"

एवढ्या काळजीतही लेकीला हसू फुटलं. तिने बटण बंद करून संगणकाचं झाकण उघडलं. घड्याळवालीने खणातून नाण्याएवढा सेल काढला, मीटरवर तपासला, चिमट्यात धरला. जुना सेल निघाला, नवा बसला.

"आता सांग त्याला."

लेकीने सांगितलं, जतन केलं, वीज तोडली, ड्राइव्ह लावला, बटण चालू केलं. पडदा काळाच राहिला. मग ड्राइव्हवरचा बारका दिवा लुकलुकला आणि लेकीचं स्वतःचं पान उघडलं, तिच्या नदीच्या नकाशासकट. अकराला सहा मिनिटं कमी होती. लेकीने आईचा चेहरा भिंगासकट दोन्ही हातांत धरला आणि गालाचा मुका घेतला.

"बस, बस. केस नीट कर," घड्याळवाली म्हणाली आणि बाहेर येऊन मधलं दार ओढून घेतलं.

पाऊण तासाने ते मनगटी घड्याळ न्यायला गिऱ्हाईक आलं. फळीच्या भिंतीपलीकडून लेकीचा आवाज येत होता. कुणी जाडा आवाज तिला अडवत होता, ती त्याला पुरतं बोलू देत होती आणि मग मुद्द्यावर मुद्दा ठेवून उत्तर देत होती. मग तो जाडा आवाज म्हणाला, "बरोबर आहे तुमचं." घड्याळवालीचा हात स्क्रूवर थांबला. ऊर इतका भरून आला होता, की तिला स्क्रू फिरवता येईना.

"एवढं काय बोलतेय हो तुमची लेक?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"मला ओ की ठो कळत नाही."

गिऱ्हाइकाने कान देऊन ऐकलं. थोड्या वेळाने त्यानेही मान हलवली. "मलाही नाही."

"मग!" घड्याळवाली म्हणाली.