बाळंतिणीचं पाणी

आतेसासूबाईंनी माठावर ताट झाकलं. "बाळंतिणीनं घोटभरच पाणी प्यायचं. नाहीतर पोट सुटतं."

माझ्या घशाला कोरड पडली होती. मांडीवर उपाशी लेक रडून दमली होती. नववीच्या पोरांना मी दरवर्षी शिकवते, पाणी कमी पडलं की शरीर आधी आपल्या पेशी जगवतं, बाकी सगळीकडे हात आखडता घेतं. मग दूध कुठून येणार?

लेकीला खाली निजवून मी उठले, ताट बाजूला सारलं आणि तांब्याभर पाणी उभ्यानंच प्यायले. "सुटू दे पोट."

"बघा वहिनी, तुमची सून."

सासूबाईंनी दुसरा तांब्या भरून माझ्यापुढे ठेवला. "वन्सं, माझं दूध आटलं म्हणून जन्मभर टोचलंत. तेव्हाही माठ तुम्हीच झाकला होता."