डग्ग्याला चिकटवलेल्या ताना
व्हिएन्नात अकरा वर्षं कागद बघून व्हायोलिन वाजवल्यामुळे हिंदुस्थानी संगीतातही माझ्या उत्स्फूर्त ताना घरूनच लिहून येतात. केशोरीत, माझ्याच गावातल्या मैफिलीत, त्यांचा कागद तबलजीच्या डग्ग्याला चिकटवला. आलापात डग्गा गप्प असतो, त्यामुळे निभावलं. गत सुरू झाली, पहिली थाप पडली आणि कागद सुटून पंख्याच्या वाऱ्यानं पहिल्या रांगेतल्या हिरालालकाकांच्या मांडीवर जाऊन बसला. भजनमंडळाची पेटी वाजवणाऱ्या काकांनीच लहानपणी मला नुसतं ऐकवून सूर शिकवले होते. मी थांबलो. काका स्टेजवर चढले आणि कागद माझ्यासमोर धरून म्हणाले, "वाजव बाबू, मी धरून राहिलो." कागद उलटा होता, खालची ओळ वर. सांगायची लाज वाटली, म्हणून उलटाच वाजवला; व्हिएन्नाचा एवढाच उपयोग झाला. टाळ्या पडल्या. कागद माझ्या खिशात कोंबत काका पुटपुटले, "पाठ नव्हतं त घरी येऊन जायचं होतं ना."