ताईंच्या टेबलावरचा कॉम्प्युटर

“ह्या माणसाने माझ्या कॉम्प्युटरला हात लावला, तर मी आत्ताच्या आत्ता राजीनामा देईन,” ताई म्हणाल्या.

कॉम्प्युटरवाला हातातली बॅग तशीच धरून उभा राहिला. पाण्याच्या पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या त्या ऑफिसातले बाकीचे सगळे कॉम्प्युटर त्याने सकाळपासून नवे करून टाकले होते. म्हणजे खोकी तीच, आतली सिस्टीम नवी. हिशेबनीस आपल्या पडद्याकडे पहिल्यांदा घरी आलेल्या जावयाकडे बघावं तसा बघत बसला होता. राहिलं होतं फक्त ताईंचं टेबल, आणि ताईंपुढे बोलायची ऑफिसात कोणाची टाप नव्हती.

“अहो ताई, जुन्या सिस्टीमला आता कंपनीसुद्धा विचारत नाही,” तो चाचरत म्हणाला.

“मला तरी कोण विचारतं? म्हणून काय मी बंद पडले?”

सगळे हसले. ताईंना बरं वाटलं. लोक हसत असले की नीट बघत नाहीत.

कारण खरी गोष्ट वेगळीच होती. ताईंना दिसत नव्हतं. अगदीच नाही असं नव्हे. माणसांचे आकार कळायचे, खिडकी कळायची, पडद्यावर काहीतरी निळंपांढरं आहे एवढं कळायचं. अक्षरं मात्र हळूहळू विरघळत गेली होती, आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. तरी काम अडलं नव्हतं. ऑर्डर फोनवर यायची. पंपांच्या भागांचे नंबर तोंडपाठ होते. पडद्यावरचं कोणतं बटण कुठे, हे हाताला ठाऊक होतं. माउस वरच्या कोपऱ्यात न्यायचा आणि जरासा खाली आणायचा. आपल्या स्वयंपाकघरात वीज गेली तरी मिठाचा डबा सापडतो, तसंच ते.

नशीबही साथ देत होतं. गोदामवाल्याला चिठ्ठ्या मोठ्याने वाचायची खोड होती, दारातूनच सुरू व्हायचा. हिशेबनीस हल्ली ताईंच्या ऑर्डरी स्वतःहून तपासायला घ्यायचा, म्हणे तेवढाच त्याचा वेळ जातो. आणि छोट्या मॅडम, म्हणजे आता गादीवर आलेली जुन्या मालकांची मुलगी, कागद पाठवायचं सोडून टेबलाशी येऊन तोंडीच सांगायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत ताई दिवस ढकलत होत्या. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, पगार एकच. ही नोकरी गेली तर दिसत नसलेल्या बाईला दुसरी कोण देणार?

नव्या सिस्टीमने सगळी बटणं इकडची तिकडे केली असणार. एका दिवसात पितळ उघडं पडणार.

आवाज ऐकून छोट्या मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. लहानपणी शाळा सुटली की त्या ताईंच्याच टेबलाशी बसून अभ्यास करत. तेव्हापासून त्या ताईंना मावशी म्हणत.

“मॅडम, चालत्या गाडीला खीळ कशाला घालता?” ताई म्हणाल्या. “नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी सगळे माझ्याच टेबलापुढे रांग लावतील, बघा.”

“मावशी, बदलायचाच आहे. तुमचा तर नक्कीच.”

जुन्या सामानाबरोबर जुनी माणसंही बाहेर काढायची, असा बेत दिसत होता. जिला गणितं शिकवली तिनेच हे करावं, याचं ताईंना फार वाईट वाटलं. त्या उठल्या आणि खिडकीशी जाऊन बसल्या. कोणीतरी चहा आणून दिला, तो तसाच गार झाला.

“झालं,” कॉम्प्युटरवाला म्हणाला.

ताई खुर्चीत बसल्या. माउस वरच्या कोपऱ्यात नेला, जरासा खाली आणला, दाबला. काहीच झालं नाही. आणखी खाली दाबला. पडद्यावर काहीतरी भलंमोठं, पांढरंफेक उघडलं. एवढ्यात फोन वाजला. जुनं गिऱ्हाईक होतं.

“ताई, नेहमीचंच पाठवा. फक्त दुप्पट.”

नंबर ताईंच्या ओठांवर होता, पण तो लिहायचा कुठे? बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. सिस्टीमला शिव्या घातल्या असत्या, तर आजचा दिवस निभावला असता. सगळ्यांचा विश्वासही बसला असता. कॉम्प्युटरवाल्याने बिचाऱ्याने निमूट ऐकूनही घेतलं असतं. पण असं किती दिवस, आणि चुकीचा माल गेला तर? ताईंना स्वतःचाच कंटाळा आला.

“थोड्या वेळाने करते तुम्हाला फोन,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

“मॅडम, सिस्टीमचा काही दोष नाही,” त्या म्हणाल्या. “मला दिसत नाही. बरेच दिवस झाले. तुम्हा सगळ्यांना फसवलं मी.”

कोणी दचकलं नाही. कोणी “काय?” असंही म्हणालं नाही. ताईंना ह्याचं नवल वाटलं.

छोट्या मॅडम जवळ आल्या. त्यांनी ताईंच्या हातात एक हेडफोन दिला आणि वरून आपला हात ठेवला.

“माहीत आहे, मावशी. तुम्ही कधी सांगता, त्याचीच वाट बघत होतो आम्ही,” त्या म्हणाल्या. “जुन्या सिस्टीमला पडद्यावरचं वाचून दाखवता येत नव्हतं, हिला येतं. म्हणून तर सगळं ऑफिस बदललं.”