कोरड्या डोळ्यांचं पाणी

“पापण्या आवळू नका हो बाबा. शेक लागणार कसा? जसं काही मी डोळे काढूनच घेतेय.”

सून अगदी कपाळाशी वाकून पुटपुटत होती. घड्याळजी खुर्चीत मान मागे टाकून बसले होते, डोळ्यांवर गरम पाण्यात पिळलेला कपडा. चटईवर सुनेच्या पाळणाघरातली दोन मुलं एकच डबा दोन्ही बाजूंनी बडवत होती. पूर्वी या खोलीत पाय टाकायला जागा शोधावी लागे. आता मुलांपेक्षा चटईच जास्त दिसायची.

कालच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्या बुजल्यात. थंडीतल्या खोबरेलासारखं तेल आतल्या आत थिजलंय. तेलाचा पापुद्रा नाही म्हणून डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो, आणि मग घाबरून भसाभसा पाणी सोडतो.

“म्हणजे घरात प्यायला थेंब नाही आणि टाकी रस्त्यावर वाहतेय,” सून म्हणाली होती. डॉक्टरीणबाई हसल्या. जन्मभर डोळ्याला भिंग लावून, पापणी न हलवता घड्याळं दुरुस्त केलीत ना आजोबा, म्हणाल्या. रोज शेक, मग पापण्यांना हलक्या हातानं मालिश. एका दिवसात गुण येणार नाही, पण सोडायचं नाही. आणि उठता उठता त्यांनी सहज विचारलं, “इतके दिवस डोळे वाहत होते, तर तुम्हाला काय वाटलं?”

सून औषधाच्या चिठ्ठीची घडी घालू लागली. घड्याळजी म्हणाले, “वय.”

लोकांना काय वाटलं ते दोघांनाही ठाऊक होतं.

संध्याकाळी बागेतल्या बाकावर म्हातारे जमत. प्रत्येकाच्या खिशात सुनेची एकेक तक्रार असे, तीच ते भेळीसारखी आपसात वाटून खात. घड्याळजींचा खिसा रिकामा. त्यांची सून वेळेवर ताट वाढायची, वर त्यांच्या शिळ्या विनोदांना हसायचीसुद्धा. असल्या माणसाला बाकाच्या टोकालाच बसावं लागतं. मग एकदा बसल्या बसल्या त्यांचे डोळे वाहायला लागले आणि सगळा बाक गप्प झाला. निवृत्त कंडक्टरांनी पाठीवर हात ठेवला. “सूनबाईनं काही...?”

घड्याळजींनी डोळे पुसले आणि म्हणाले, “जाऊ द्या.”

खोटं म्हणाल तर एक शब्द नाही. पण कंडक्टरांनी सवयीनं “सरका, पुढे सरका” करत सगळ्यांना हलवलं आणि बाकाची मधली जागा घड्याळजींना दिली. तिथून उठवेना. मग डोळे वाहतच राहिले, आणि ते “जाऊ द्या” म्हणतच राहिले. बाकावरचं बोलणं घरोघर पोचलं. जी सासऱ्याला रोज रडवते, तिच्या हवाली आपलं लेकरू कोण करणार?

दार वाजलं.

“कपडा काढायचा नाही हं,” म्हणत सून उठली. आवाजावरून घड्याळजींनी ओळखलं, कंडक्टर.

“चिमणीची चादर आणि डबा न्यायला आलो होतो,” कंडक्टर म्हणाले. “उद्यापासून नात आमची... तिच्या मावशीकडे राहील म्हणतेय.”

“मावशी परगावी असते ना तिची?”

“हो. म्हणजे... येणार आहे ती. इकडेच.”

“बरं,” सून म्हणाली. कपाट उघडल्याचा आवाज आला. चादर झटकल्याचा, घडी घातल्याचा. नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून घालत असणार. तिला वेडीवाकडी घडी चालत नाही.

कंडक्टर खुर्चीपाशी आले. कपड्यातून एक ओघळ घड्याळजींच्या कानापर्यंत गेला होता. कंडक्टरांनी खांदा दाबला आणि आपल्या मते हळू आवाजात म्हणाले, “आज सकाळी सकाळीच? शेक द्यावा लागला, इतकं रडवलं?”

डब्याचं झाकण लावता लावता सुनेचा हात थांबला. ते घड्याळजींना ऐकू आलं. झाकण बसल्याचा आवाज आलाच नाही.

‘जाऊ द्या’ त्यांच्या जिभेवर तयारच होतं. नुसतं सोडायचं होतं.

सुनेनं चादर आणि डबा कंडक्टरांच्या हातात दिला आणि खुर्चीमागे येऊन उभी राहिली. कपडा उचलला. म्हणाली, “गार झाला. मालिश करून घेते.” तिचं बोट वरच्या पापणीवर टेकलं आणि हळूहळू खाली कडेकडे सरकलं. मनगटी घड्याळात सुईच्या टोकानं तेलाचा थेंब सोडताना घड्याळजींचा हात असा हलका असायचा. तिनं ऐकलं होतं. शब्दन् शब्द ऐकला होता. तरी बोट तसूभरही जास्त दाबलं गेलं नाही.

दाबलं गेलं असतं तर बरं झालं असतं.

घड्याळजींनी तिचा हात बाजूला केला. डोळे उघडले. समोर कंडक्टर धूसर दिसत होते, छातीशी ती छोटी चादर धरलेले.

“हा डोळ्यांचा आजार आहे, कंडक्टर. हिनं मला कधीच रडवलं नाही. तुम्हाला तसं वाटलं, मी वाटू दिलं. मला ते आवडायचं.”