मासा इथेच राहील

बाई वारल्यावर त्यांच्या वर्गातला मासा बरणीतच राहिला. "घरी न्या आता हा," मुख्याध्यापिका बाईंच्या नवऱ्याला म्हणाल्या.

"नाही नेणार. तिने मुलांना याच्यासाठी झाडांची टाकी कबूल केलीय."

रिकाम्या वर्गात त्याने काचेच्या टाकीत वाळू पसरली, पाणी भरलं आणि सर्वांत उंच रोप अगदी पुढे खोचलं. बादली ठेवून वळला, तर रोप मागच्या कोपऱ्यात ताठ उभं.

घरीही तो ठेवील ती वस्तू बायको हलवायची.

"इथे तरी माझं चालू दे!" त्याने रोप पुन्हा पुढे लावलं आणि मुळांवर पंजा दाबून धरला. "हलव आता."

जेमतेम बोटभर वाळूखालून गार बोटं त्याच्या बोटांत गुंतली आणि खाली ओढू लागली.

त्याने दुसराही हात आत घातला. "ओढ किती ओढतेस ते. मी सोडायचा नाही."